पालकत्वास पात्र

अनुमती कार्यालयातील यंत्राने कुंदा व भास्कर गायधनी या दाम्पत्याच्या रक्ताचा, निद्रेचा आणि क्रोधाचा वर्षभराचा आलेख तपासून पात्रतेचा कागद बाहेर टाकला. दारूपायी चार वर्षांपूर्वी शासनाने त्यांची कन्या काढून नेली होती.

"अभिनंदन, वहिनी! आता दुसरं बाळ होऊ द्या. पेढे मात्र विसरू नका," अधिकारी म्हणाले.

"दुसरं कुणाला हवंय, साहेब? मुलगी परत मागायला गेलो, तर वरच्या कचेरीत आमची तपासणीच करीनात. नव्या बाळाचा अर्ज भरला, तेव्हा यंत्रासमोर बसवलं."

"अहो, पण हा कागद जन्माला यायच्या बाळासाठी आहे!"

"पात्र आईबाप, असंच लिहिलंय ना?" कागदाची घडी घालीत कुंदा निश्चयाने जिन्याकडे वळली. "आमची शर्वरी सात वर्षांपूर्वीच जन्मलीय. तिला आणायला चाललो."