राक्षसाला किती तारे?

एस्प्लनेडला सिनेमा पाहून डमडमच्या घरी परतताच मंदार परीक्षण लिहायला बसला. महिन्यापूर्वीच लग्न होऊन आलेली तेजस्विनी शेजारी बसून ऐकत होती.

“गडकोट, खवळलेला समुद्र, आगीचा पाऊस, सगळं डोळे दिपवणारं,” तो मोठ्याने वाचू लागला. “पण तो सात तोंडांचा राक्षस! त्याला शेंबडं पोरही घाबरणार नाही. पाचापैकी दोन तारे.”

“नक्की?”

“अगं, असले राक्षस मी खूप पाहिलेत.”

तेजस्विनीने डावा हात पुढे केला. लग्नातल्या हिरव्या चुड्यातली एकच बांगडी मनगटावर उरली होती.

“मग राक्षस आला की माझा हात आवळून आवळून बाकीच्या कोणी वाढवल्या?”

मंदारने राक्षसाला आणखी दोन तारे देऊन टाकले.