तानबाजीचं संत्रं

या बाप्पा, सरकून बसा जवळ. बुवा चहा घेत आहेत, मृदंग घडीभर निजला आहे. तेवढ्यात एक गोष्ट ऐकून घ्या. देवाची नाही, एका बापाची आहे.

कोकिळेनं खड्ड्यातून रोप उपटलं. मुळं काळी पडली होती. बोटांत धरली तशी शेवाळासारखी निसटली. यंदाचं संत्रंही गेलं.

तिचा बाप तानबाजी कारंजाचा. दर आखाडात ओल्या पोत्यात गुंडाळलेलं रोप मांडीवर घेऊन तो एस्टीनं जामच्या फाट्यावर उतरायचा आणि तिथून पायी लेकीच्या गावी यायचा. कारंजाकडची त्याची जमीन मुरमाड. पाणी पडलं की निथरून जातं. संत्र्याला तेच लागतं. इथली माती काळी; पोटभर पाणी पिऊन चार महिने तशीच बसून राहणारी. कापसाची आई, पण संत्र्याची सावत्र माय.

"बाबा, पेरू लावू न. या मातीत पेरू जगते. नाई तं जांभूळ."

"नाई. रोप माह्या बागेतलंच पाह्यजे."

"तुमच्या बागेत जगते म्हनून माह्या आंगनात जगन काय? दरसाल मारून राह्यले बिचाऱ्याले!"

तानबाजी टाचेनं माती दाबायचा. मग ओट्यावर बसून स्वतःची शिदोरी सोडायचा आणि स्वतःच्याच पितळी तांब्यातलं पाणी प्यायचा. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचा घास नाही, घोट नाही. ही जुनी रीत. कोकिळेला मूल झालं नव्हतं. भरला गडू हातात घेऊन ती दाराशी उभी राहायची आणि तसाच परत न्यायची.

"ईवायबुवा भाकर आनते, पानी आनते, झाड आनते," सासू मनकर्णाबाई आतून म्हणायची. "आता पुढच्या सालले मातीबी आना म्हना!"

हा माणूस ऐकत काऊन नाही, या विचारानं कोकिळेचा जीव कावायचा. कीर्तनात विदुराघरच्या कण्यांचं आख्यान लागलं की ती उठून घरी यायची. देव कुणाच्याही घरी जेवतो. तिचा बाप तेवढा तिच्या दारातून उपाशी जायचा, वर एक मरणारं झाड देऊन.

एका आखाडात तिचा तोल गेला. बापाची पाठ वळली तसं तिनं रोप खड्ड्यातून उपसलं आणि घरामागं नेऊन विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या मुरमाच्या ढिगात खुपसलं. "मर तिकडंच."

संत्र्याचं रोप म्हणजे जंभेरीच्या, म्हणजे रानटी आंबट लिंबाच्या खुंटावर बांधलेला संत्र्याचा डोळा, कोंब. उन्हाळ्यात डोळा वाळून गेला. पण पावसाळ्यात, डोळा बांधला होता त्या गाठीखालून खुंटाला हिरवे धुमारे फुटले, काट्यांसकट. मुरमात त्याला मानवलं होतं. कोकिळेनं बापाला सांगितलं नाही. काय सांगायचं, काटे आले म्हणून?

"जसा बाप, तसं झाड," मनकर्णाबाई म्हणाली.

काही वर्षांनी त्या झाडाला फळं धरली. पिवळी, खडबडीत, दात आंबवणारी.

त्या दिवाळीला तानबाजी लेकीला न्यायला आला तो काठी टेकत. आखाडात आलाच नव्हता.

"आता रोप नाई आननार, बाई. हात कापते. डोळा बांधता येत नाई."

सुटलं एकदाचं, असं कोकिळेला वाटायला हवं होतं. पण तिचा संताप उफाळून आला. इतकी वर्षं मातीत घातली, आणि आता हात कापतात! ती मागं गेली, एक जंभेरी तोडली आणि त्याच्यापुढं आपटल्यासारखी ठेवली.

"घ्या! हे आलं तुमचं संत्रं. मुरमावर फेकलं व्हतं मी. डोळा मेला, खालचा खुंट तेवढा वाढला."

तानबाजीनं फळ उचललं. उलटून-पालटून पाहिलं.

"हा खुंट माह्या बागेतला?"

"तुम्हीच तं आनलता."

त्यानं नखांनी साल सोलली. एक फोड तोंडात टाकली. मग दुसरी. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, मिशीवरून रस ओघळला, तरी हात थांबेना.

"बाबा, थुंका! जंभेरी अशी कोनी खाते काय?"

शेवटची फोड गिळून तानबाजीनं बोटं चाटली.

"माह्या हातचं झाड, माह्या झाडाचं फळ. लेकीच्या घरचं नाई खाल्लं मी, कोकिळे. रीत नाई मोडली," तो म्हणाला. "पन आज लेकीच्या घरी जेवलो, माय."

बुवा उठले. घ्या टाळ हाती. आरतीनंतर प्रसादाची फोड आंबट निघाली तर तोंड वाकडं करू नका, बाप्पा. तानबाजीची आठवण करजा.