एस्तेरच्या नावाची चिठ्ठी

नाताळाआधी सिस्टरांनी दुसरीच्या वर्गात नावांच्या चिठ्ठ्या वाटल्या. जिचं नाव निघेल, तिला गुपचूप भेट द्यायची. एस्तेर ही वर्गातली एकटीच ख्रिस्ती पोर, आणि तिची आई त्याच शाळेचे संडास धुते. तिच्या नावाची चिठ्ठी कुणाच्याच आईला नको होती. गेटवर अदलाबदल होत होत ती शेवटी वैष्णवीकडं आली.

कार्यक्रमात पोरींनी एकमेकींसाठी धाराशिवहून आणलेल्या भेटी उघडल्या. एस्तेरच्याही हातात वहीच्या कागदात गुंडाळलेला खोडरबर बघून सिस्टरांना बरं वाटलं.

"कुणी दिला गं?"



"म्याच आणला, सिस्टर. वैष्णवीची मम्मी म्हणली, सण तुमचाच हाय, तर तुझी चिठ्ठी तूच घे."