न उजळलेला दिवा

तपासणीच्या खोलीत धुक्यासारखा निळसर उजेड तरंगत होता. खुर्चीवर टांगलेला काचेचा दिवा, बसलेल्या माणसात सुधारायची आस असेल, तरच उजळायचा. नाही उजळला आणि नातेवाइकाने अंगठा दिला, की त्या माणसाला पुन्हा कुणी औषधपाणी करायचं नाही, असा नवा कायदा होता. सदानंद दारूपायी तिसऱ्यांदा तिथे बसला होता आणि दिवा ढिम्म होता.

"टेकवा अंगठा, अक्का. तुम्हीही सुटाल," यंत्र चालवणारा घोडके मधाळपणे म्हणाला. लोकांना त्यांच्या माणसांपासून सोडवण्यात त्याचा हात चांगलाच बसला होता.

सुमतीअक्काला सगळं स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. धाकट्या भावाकडे न बघता तिने अंगठा यंत्राच्या काचेजवळ नेला. सदानंद खुर्चीवरून उठला, चपला घालून दाराशी घुटमळला आणि पुटपुटला, "येतो गं, अक्का."

अंगठा हवेतच राहिला.

"दिवा बघा, तसाच आहे," घोडके हसला. "निघताना सगळेच 'येतो' म्हणतात. सवय असते नुसती!"

"सगळ्यांना असेल, ह्याला नाही. हा आजवर चपला हातात घेऊन, न सांगता पळालाय." अक्काने अंगठा पदरात गुंडाळला. "सदा, थांब रे! घरी भरीत केलंय, ते काय मी एकटी खाऊ?"

दारातून वळून ती घोडकेला म्हणाली, "जातो आम्ही."

'येतो' नाही म्हणाली.