जुळणी

समोरचा चेहरा आणि कानावर पडणारा आवाज एकाच माणसाचा आहे, हे मेंदू कसं ठरवतो ते ठोंब्याने कॉम्प्युटरला शिकवलं होतं. ठोंब्या हे आईने ठेवलेलं नाव. प्रयोगशाळेत त्याला सर म्हणत. त्याच्या मॉडेलने त्याला सर्दीत, मास्कमध्ये, एकदा तर अर्धी दाढी केलेली असतानाही बिनचूक ओळखलं होतं.

आजारपणानंतर आई मात्र त्याला फक्त फोनवर ओळखायची. समोर बसून "आई, मीच गं" म्हटलं, की ती तोंड फिरवायची. "आवाज हुबेहूब काढता हो तुम्ही. पण माझा मुलगा असा उतरलेल्या तोंडाचा नाही."

आज त्याने शक्कल लढवली. फोनवर बोलत बोलतच तिच्यासमोर जायचं, म्हणजे चेहरा आणि आवाज तिच्या डोक्यात एकदाचे जुळतील. तो गुपचूप जिन्यात गेला आणि तिला फोन लावला.

"बरं झालं केलास, ठोंब्या," आई कुजबुजली. "तो माणूस आत्ताच बाहेर गेला."

"आई, ऐक, मी..."

 

"तू काळजी करू नकोस रे, मी कडी लावलीय; आता तुझ्या आवाजात कुणी कितीही हाका मारल्या तरी उघडत नाही."