इंदुमतीची खुर्ची

धरण आटल्यापासून वीजघराचं टर्बाइन माणसांच्या रागावर फिरायचं. घरच्यांना घेऊन सहलीला आलेल्या सुदामनं आधी मेव्हण्याला टर्बाइनला जोडलेल्या खुर्चीत बसवलं आणि त्याच्या टकलावर तबला वाजवला. मेव्हण्यानं शिव्यांची लाखोली वाहिली, पण मीटरचा काटा जेमतेम हलला.

"काय मेव्हणे, एवढ्यावर तर मिक्सरसुद्धा फिरणार नाही!"

मग गंमत म्हणून त्यानं बायकोला, इंदुमतीला बसवलं. तेवीस वर्षं पाहुणे आले की तो तिच्या आमटीत हळूच मूठभर मीठ टाकायचा. तिला पत्ताच नाही, असं त्याला वाटायचं.

इंदुमती त्याच्याकडे बघत गप्प बसली. काटा शेवटच्या आकड्यावर आदळला. तीन तालुक्यांतले पंखे गरगरले.

सुदाम दोन पावलं मागे सरकला.

"ताई, इथं कायमची नोकरी कराल?" इंजिनियरनं विचारलं.

"करेन की. फक्त यांना रोज समोर बांधून ठेवा."