घरचा आवाज

यंत्राच्या तारा कपाळाला चिकटवून झाल्यावर अधिकारी बाई म्हणाल्या, "आता घरून मागवलेला तुमच्या आईचा आवाज ऐकवते. शांत बसा."

सौमित्रने श्वास सावरला. पदवी, नोकरी, भाषेची परीक्षा, सगळ्यांत तो पास झाला होता. आता फक्त ओढ मोजायची राहिली होती. ज्याचं मन अजून घरी अडकलंय, त्याला हा देश कायमचा ठेवून घेत नसे. म्हणून व्हिसाच्या सल्लागाराच्या सांगण्यावरून त्याने वर्षभर कऱ्हाडला फोनच केला नव्हता, नुसते मेसेज पाठवले होते.

"सोम्या, जेवलास का रे? अंगावर काहीतरी घाल, थंडी असंल तिकडं."

पडद्यावरची रेघ सपाट राहिली. हिरवा दिवा लागला. बाईंनी हसून त्याचं अभिनंदन केलं.

जिन्यात येताच त्याला स्वतःची किळस आली. आईच्या आवाजाने आपलं काळीज जरासुद्धा हललं नाही! त्याने तिथूनच घरी फोन लावला.

"आई, पास झालो. पण तुझा आवाज ऐकून मला..."

आई हसायला लागली. "अरे, तो माझा आवाज कुठला! रेकॉर्ड करायला बसले की मला रडूच यायचं. तुझं काम बिघडायला नको म्हणून शेजारच्या लीलाकाकूंना बोलायला लावलं. तू तर पहिल्या शब्दालाच ओळखलं असशील, होय ना?"

सौमित्र पायरीवर बसला.

"हो आई," तो म्हणाला. "लगेच ओळखलं."